शाळेच्या रुपयाचा हिशेब : भारत आणि श्रीलंका

(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. ज्या पाड्यावर हे पत्रक पोचेल तिथं वाचता येणाऱ्यानं संध्याकाळी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आपली संघटना जमिनीची. फॉरेस्ट प्लॉट, दळी जमीन, दंडाच्या पावत्या हे आपले विषय. मग आज शाळेच्या खर्चावर का बोलायचं, असं काही जणांनी सकाळी विचारलं. त्याचं उत्तर आधी देतो आणि मग पुढं जातो.

आपले जमिनीचे दावे कशावर अडले? कागदावर. केंद्र सरकारनं १९९० साली सांगितलं की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जंगल जमीन कसणाऱ्यांचे दावे तपासा. १९८० च्या आधी आपण कसत होतो याचा पुरावा काय होता? गार्डनं फाडलेली दंडाची पावती. ती पावती आपल्या बापानं कुडाच्या भेगेत खोचून ठेवली, कुणाची पावसात भिजली, कुणाची उंदरानं खाल्ली. कुणाच्या पावतीवर नाव एकाचं आणि गट नंबर भलताच. ज्यानं अंगठा उठवला त्याला त्यावर काय लिहिलंय ते कळलंच नाही. किती जणांनी तर जमीन सोडतो असं लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवला, आणि घरी येऊन सांगितलं की साहेबानं जमीन नावावर करून दिली. म्हणजे जमीन गेली ती आधी अक्षरात गेली. म्हणून शाळा हा जमिनीच्या लढ्याचाच भाग आहे असं आम्ही मानतो.

आता खर्चाचं बघू. पुष्कळांना वाटतं, शाळा म्हणजे सरकारनं केलेला उपकार. आम्ही तर कर भरत नाही, मग मागायचं कुठल्या तोंडानं? साथींनो, हे मनातून काढून टाका. काड्यापेटी घेतली, बिडी घेतली, अंगाला साबण घेतला, लुगडं घेतलं, त्या प्रत्येकात कर आहे. जंगलातला साग, बांबू, तेंदूपान, डिंक यातून सरकारला उत्पन्न मिळतं. ते तोडणारे, गोळा करणारे हात कुणाचे? ही गोष्ट जोतिबा फुल्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सांगितली. १८८२ साली हंटर कमिशन आलं तेव्हा त्यांनी लेखी निवेदन दिलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या मोठ्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. पुढं १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. दुसऱ्या देशांत काय चाललंय आणि आपल्याकडं काय, हा हिशेब त्यांनी तिथं मांडला. १९१२ साली ते बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पैसा नाही आणि लोकांची तयारी नाही, अशी कारणं तेव्हाही पुढं केली गेली. आज आपल्या तालुक्यात गेलो की हीच उत्तरं मिळतात. इतकी वर्षं झाली, उत्तर बदललं नाही.

इंग्रज गेले. संविधान आलं. त्याच्या ४५ व्या कलमात लिहिलं की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न सरकार करील. म्हणजे १९६० पर्यंत. १९६० गेलं. मग कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं की १९८६ पर्यंत देशाच्या उत्पन्नातल्या शंभर रुपयांतले सहा रुपये शिक्षणावर खर्च व्हायला पाहिजेत. १९८६ गेलं. त्या साली नवं शिक्षण धोरण आलं, त्यात परत सहा रुपयांचं लिहिलं आणि १९९५ पर्यंत चौदा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना शिक्षण द्यायचं लिहिलं. १९९५ गेलं. खर्च तेव्हाही चार रुपयांच्या आतच होता. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. निकाल दिल्लीत लागला. पाड्यावरच्या शाळेचं कुलूप मात्र काही उघडलं नाही.

आता कुणी म्हणेल, भारत गरीब देश आहे, एवढी माणसं, कुठून आणणार पैसा? म्हणून आज आम्ही श्रीमंत देशाशी तुलना करत नाही. अमेरिका, जपान राहू द्या. आपल्या शेजारच्या गरीब देशाचं बघू. श्रीलंका.

रामायणातली लंका आपल्याला माहीत आहे. खरी श्रीलंका केवढी? आपल्या महाराष्ट्राचे पाच भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षा थोडी मोठी. लोकसंख्या १९९० च्या दशकाच्या सुरवातीला पावणेदोन कोटीच्या आसपास होती. तिथंही इंग्रजांचंच राज्य होतं, तो देश १९४८ साली स्वतंत्र झाला. चहा, रबर, नारळ आणि भात. माणशी उत्पन्न आपल्यापेक्षा जास्त, पण १९९० च्या दशकाच्या सुरवातीला जगात तो गरीब देशांतच मोजत. आता आकडे ऐका.

श्रीलंकेत १९८१ च्या जनगणनेत शंभरातली ८७ माणसं लिहिता-वाचता येणारी होती. भारतात त्या साली ४४ सुद्धा नव्हती. दहा वर्षांनी १९९१ ला भारत ५२ वर आला. बायांचं बघा. श्रीलंकेत १९८१ लाच शंभरातल्या ८३ बाया वाचत होत्या. भारतात १९९१ ला ३९. तिथं दहा वर्षांवरची माणसं मोजतात, इथं सात वर्षांवरची, म्हणून तुलना अगदी काट्यावर नाही. पण एवढी मोठी दरी मोजण्याच्या रीतीनं पडत नाही.

आता तुम्हाला वाटेल, त्यांनी आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट खर्च केला असेल. इथंच गंमत आहे. १९६० नंतरच्या दहा वर्षांत श्रीलंका देशाच्या उत्पन्नातल्या शंभरातले चार रुपयांच्या वर शिक्षणावर खर्च करत होती. त्या काळात आपण त्याहून बरेच खाली होतो. पण १९७७ नंतर तिथं बाजार खुला करायचं धोरण आलं आणि शिक्षणाचा वाटा कमी झाला, तीन रुपयांच्या आतबाहेर आला. आज शंभरातला वाटा बघितला तर भारत श्रीलंकेच्या मागं नाही, उलट पुढं आहे. तरी त्यांच्या पोरी वाचतात आणि आपल्या पोरी वीटभट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळतात. असं कसं?

याची दोन कारणं आम्हाला दिसतात. पहिलं कारण वेळेचं. घर बांधायला जेवढा खर्च येतो तेवढा शाकारायला येत नाही. त्यांनी सुरवातीलाच घर बांधलं. आपण वर्षानुवर्षं नुसती मेढी रोवतोय आणि मोडतोय.

दुसरं कारण, रुपयातले पैसे कुणाच्या वाट्याला गेले ते. आपल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९५१ ते ५६ मध्ये, शिक्षणासाठी ठेवलेल्या रुपयातले ५६ पैसे प्राथमिक शाळांना होते. दुसऱ्या योजनेत ते ३५ पैसे झाले. तिसरीत ३४. चौथीत ३०. याच काळात विद्यापीठांचा वाटा ९ पैशांवरून २५ पैशांच्या आसपास गेला. ज्याच्या पाड्यावर पहिलीचा वर्ग नाही त्याचा पैसा कॉलेजच्या इमारतीला गेला. आम्ही कॉलेजच्या विरुद्ध नाही. आमच्यातले काही जण बारावीपर्यंत शिकले, पुढं शिकायची इच्छा होती, जमलं नाही. आपल्या पोरांनी डॉक्टर व्हावं, वकील व्हावं, आपलीच केस आपण कोर्टात लढवावी असं आम्हाला वाटतंच. पण पहिली पायरी न बांधता वरचा मजला बांधला तर तिथं कोण पोचणार? ज्याच्याकडं स्वतःची शिडी आहे तोच. श्रीलंकेत १९५९ पर्यंत विद्यापीठ एकच होतं. प्राथमिक शाळा मात्र गावोगाव होत्या. आज तिथं सुमारे दहा हजार सरकारी शाळा आहेत.

मग त्यांनी नेमकं केलं काय? आपल्याला घेण्यासारखं आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट मताची. श्रीलंकेत १९३१ साली, इंग्रज असतानाच, एकवीस वर्षांच्या वरच्या सगळ्या पुरुषांना आणि बायांना मताचा हक्क मिळाला. आपल्याकडं तो पहिल्यांदा वापरायला मिळाला १९५२ च्या निवडणुकीत. मत हातात आल्यावर खेड्यातल्या माणसानं पुढाऱ्याकडं शाळा मागितली, दवाखाना मागितला. त्याच वेळी सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा हे शिक्षणमंत्री झाले आणि १९४७ पर्यंत राहिले. त्यांनी १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतची फी बंद केली. पैसेवाल्यांनी आणि मोठ्या शाळांच्या चालकांनी विरोध केला. खेड्यातल्या लोकांचा जोर मागं होता म्हणून ते टिकलं.

दुसरी गोष्ट भाषेची. १९४५ पासूनच प्राथमिक शिक्षण मुलाच्या भाषेत ठरलं, सिंहली मुलाला सिंहलीत, तमिळ मुलाला तमिळमध्ये. आपलं वारली, कातकरी, भिल्ल, कोरकू पोर पहिल्या दिवशी शाळेत जातं तेव्हा गुरुजी काय बोलतात तेच त्याला कळत नाही. ते गप्प बसतं. गुरुजी म्हणतात, पोर मठ्ठ आहे. तेच पोर रानात पन्नास झाडांची नावं, त्यांचे गुण, कुठली साल कशावर चालते ते सांगतं. मठ्ठ कोण ते तुम्हीच ठरवा.

तिसरी गोष्ट पोटाची. तिथं लढाईच्या काळात रेशन सुरू झालं आणि पुढं बरीच वर्षं लोकांना स्वस्त किंवा फुकट तांदूळ मिळत राहिला. घरात भात असला की पोराला मजुरीला धाडावं लागत नाही. आपल्याकडं पाऊस सुरू झाला की खावटीसाठी सावकाराच्या दारात, आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर. पोराचं नाव हजेरीत आणि पोर भट्टीवर. हा खर्च शिक्षणाच्या बजेटात दिसत नाही, पण शाळा चालते ती त्याच्याच जोरावर.

चौथी गोष्ट वस्तूंची. १९८० साली तिथं पुस्तकं फुकट झाली, १९८९ साली दुपारचं जेवण सुरू झालं, १९९३ साली गणवेशाचं कापड. आणि शिक्षकांत निम्म्याहून जास्त बाया. आईबाप पोरीला शाळेत धाडतात कारण तिथं बाई आहे. आपल्याकडं १९८७ साली खडू-फळा योजनेत ठरलं की प्रत्येक शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई. तुमच्या पाड्यावर किती खोल्या आहेत ते मनात मोजा.

पाचवी गोष्ट जमिनीची, आणि ही आपल्या संघटनेनं नीट ध्यानात ठेवावी. श्रीलंकेत १९३५ साली कायदा करून सरकारनं आपल्या ताब्यातली पडीक जमीन भूमिहीन शेतकऱ्यांना द्यायला सुरवात केली. माणूस एका जागी स्थिर झाला की शाळाही स्थिर होते. वस्ती दरवर्षी उठत असेल तर शाळा कुणासाठी बांधणार?

पण साथींनो, श्रीलंकेचं नुसतं कौतुक करून थांबलो तर आपण आपल्याच माणसांशी बेइमानी करू. कारण तिथंही आपल्यासारखे आहेत.

चहाच्या मळ्यांत राबणारे तमिळ मजूर. इंग्रजांनी त्यांच्या आज्या-पणज्यांना दक्षिण भारतातून मजुरीला नेलं. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्यानं त्यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं आणि पाठोपाठ मतही गेलं. मत गेल्यावर काय झालं? साऱ्या देशात शाळा वाढल्या आणि मळ्यावर मात्र मालकाची एक खोली, एक मास्तर, पाचवीपर्यंत कसंबसं शिक्षण. मळे सरकारजमा झाल्यावर त्या शाळा सरकारनं घेतल्या. तोवर दोन पिढ्या गेल्या. म्हणून शंभरात ८७ वाचत होते तेव्हा मळ्यावरचा माणूस कुठं होता, हे विचारायचं.

दुसरे वेड्डा. ते तिथले आदिवासी, जंगलात शिकार आणि मध यावर जगणारे. १९८३ साली मदुरू ओया इथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि त्यांचं शिकारीचं रान गेलं. ज्या सरकारनं गावोगाव शाळा दिल्या त्याच सरकारनं आदिवासीचं जंगल काढून घेतलं. हे आपल्याला नवीन नाही. त्याच १९८३ पासून २००९ पर्यंत तिथं सिंहली आणि तमिळ यांच्यात लढाई पेटलेली होती. म्हणजे नुसत्या शाळेनं न्याय येत नाही. शाळेबरोबर जमीन, मत आणि बरोबरीचा मान लागतो.

आता आपल्या घरात बघू. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले ६५ साक्षर. मंत्री हे छाती फुगवून सांगायचे. त्याच महाराष्ट्रात आदिवासींमध्ये किती? ३७. आणि आदिवासी बायांमध्ये? शंभरात २४. सगळ्या देशात आदिवासी बाया शंभरात १८. सरासरी म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगरख्यात झाकलेलं उघडं पोर. अंगरखा बघू नका, आत हात घालून बघा.

आणि पैसा नाही हे खरं का? राज्यात आपण आदिवासी शंभरात नऊ. सुकथनकर समितीनं सांगितलं आणि १९९३-९४ पासून सरकारनं मान्य केलं की राज्याच्या योजनेतले शंभरातले नऊ रुपये आदिवासी उपयोजनेला. कागदावर ही चांगली गोष्ट आहे. आता ते नऊ रुपये कुठं उतरतात ते बघायचं काम कुणाचं? आमच्यातले पुष्कळ जण आश्रमशाळेत वाढले. पाण्यासारखी डाळ, गळकं छप्पर, साठ पोरांना एक नळ, आजारी पोरीला घरी नेऊन सोडायला माणूस नाही, हे सगळं भोगलंय. तेव्हा आम्हाला वाटायचं की सरकारच गरीब असेल. आता कळतं की मुलामागं पैसा सुटतो, वाटेत गळतो. आणि १९९१ साली सरकारचं जे नवं आर्थिक धोरण आलं त्यात सगळीकडं खर्च आखडायची भाषा होती. श्रीलंकेनं खुल्या बाजाराच्या नादी लागून शाळेचा वाटा कमी केला, पण तोवर त्यांची शाळा उभी राहिलेली होती. आपलं तर अजून जोतंच भरलेलं नाही. आपल्याला हे परवडणार नाही.

म्हणून शिबिरात आज पुढच्या गोष्टी ठरवाव्यात असं आम्ही मांडतो.

एक. प्रत्येक पाड्यावरच्या दोन तरुणांनी पाटी-पेन्सिल घेऊन मोजणी करायची. सहा ते चौदा वर्षांची मुलं किती, हजेरीपटावर किती, प्रत्यक्ष बसतात किती, भट्टीवर किती, गुरुजी महिन्यात किती दिवस आले. ऐकीव लिहायचं नाही, डोळ्यांनी बघून लिहायचं.

दोन. या मोजणीचा कागद घेऊन जिल्हा परिषदेत आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयात मोर्चानं जायचं. आपल्या तालुक्याला उपयोजनेतून शाळेसाठी किती आले आणि कशावर गेले, याचा लेखी हिशेब मागायचा. तोंडी उत्तर घ्यायचं नाही.

तीन. भट्टी आणि ऊसतोडीच्या दिवसांत पोरांसाठी तिथंच शाळा किंवा पाड्यावर राहायची सोय, ही मागणी मालक आणि सरकार दोघांकडं करायची.

चार. पहिली-दुसरीला आपली बोली येणारा शिक्षक, जमल्यास आपलीच शिकलेली पोरगी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली, गुरं चारणाऱ्या पोरांकडं शाळाच नेली. ते आपल्याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात झालं. तेव्हा होऊ शकलं, आता का नाही?

पाच. संघटनेच्या प्रत्येक मोठ्या माणसानं निदान स्वतःचं नाव, गाव आणि गट नंबर वाचायला शिकायचं. रात्री दिव्याजवळ आपणच एकमेकांना शिकवायचं. यापुढं न वाचलेल्या कागदावर आपल्यातला एकही अंगठा उठता कामा नये.

शेवटचं सांगतो. बाया म्हणतात, जमीन मिळाली की बाकी सगळं आपोआप येईल. यायला पाहिजे, पण आपोआप काही येत नाही. श्रीलंकेतल्या शेतकऱ्यानं मताच्या जोरावर शाळा मिळवली. मळ्यावरच्या मजुराकडं मत नव्हतं, त्याला तीस वर्षं थांबावं लागलं. आपल्याकडं मत आहे आणि संघटना आहे. पावसाच्या आधी मोजणी पुरी करू आणि शाळा उघडायच्या दिवशी कागद घेऊन कचेरीवर जाऊ.

जमीन आमच्या हक्काची! शाळा आमच्या हक्काची!
हिशेब द्या, हिशेब द्या, उपयोजनेचा हिशेब द्या!
आदिवासी एकजुटीचा विजय असो!